नऊ पिनांचा काटा, पंचवीस पिनांचा प्रिंटर: जुना कॉम्प्युटर काढण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात विंडोज एक्सपीवर चालणारा जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्या मागे नऊ पिनांच्या पोर्टला सुताचा वजनकाटा जोडलाय, पंचवीस पिनांच्या पोर्टला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि प्रिंटरची वायर नि कॉम्प्युटर यांच्या मधे डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं छोटं कुलूप (डोंगल), जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही. आता लॅपटॉप घ्यायचाय आणि त्याला नुसते यूएसबी आहेत. दुकानदार म्हणतो, दोन कन्व्हर्टर लावले की झालं. ते खरं आहे का, आणि हे पोर्ट लोक एवढी वर्षं कशासाठी वापरत होते, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो. काटा चालेल, पण अर्धा दिवस बसावं लागेल. प्रिंटर चालेल, विंडोजमधून छापत असाल तर. कुलूप लॅपटॉपवर चालणार नाही. म्हणून लॅपटॉप घ्यायचा असेल तर घ्या, पण जुना कॉम्प्युटर इतक्यात भंगारात देऊ नका.

सोलापुरात मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ हेच काम करतोय. पूर्व भागातले कारखाने, मार्केट यार्डातल्या अडती, तालुक्यांतले वजनकाटे, सगळीकडे फिरलो. या काळात एक गोष्ट पक्की कळली. गिऱ्हाईक कॉम्प्युटर बदलताना कॉम्प्युटरकडे बघतं, पण बघायला हवं वायरीच्या दुसऱ्या टोकाला. तिकडं काय बसलंय आणि ते काय बोलतंय, यावर सगळं ठरतं.

नऊ पिनांच्या पोर्टापासून सुरुवात करू, कारण तुमच्या कामात सगळ्यात मोलाचा तोच आहे. त्याला सिरियल पोर्ट म्हणतात, विंडोजमध्ये कॉम१, कॉम२. त्यामागचं आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली आलं, म्हणजे घरगुती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी. टेलिप्रिंटर आणि मोडेम एकमेकांना जोडायला ते केलं होतं. आधी त्याचा कनेक्टर पंचवीस पिनांचा होता. १९८४ साली आयबीएमच्या पीसी-एटीवर नऊ पिनांचा आला आणि तोच रूढ झाला. आपण सगळे त्याला डीबी नाईन म्हणतो.

तुम्ही मागवाले आहात, म्हणून मागाचंच उदाहरण देतो. सिरियल म्हणजे धोट्यातला बाण्याचा धागा. एकच धागा, एकामागून एक जाणारा. अक्षराचे आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे आठ ठोके, एका तारेवरून रांगेनं जातात, पुढे सुरुवातीचा एक बिट आणि मागे शेवटचा एक. म्हणजे एका अक्षराला दहा बिट. वेग ९६०० ठेवला तर सेकंदाला ९६० अक्षरं. आज हे फारच कमी वाटेल, पण काट्यावरचं वजन म्हणजे फार तर पंधरा-वीस अक्षरं. त्याला आणखी वेग देऊन काय करायचं?

आणि तारा किती लागतात बघा. नऊ पिना असल्या तरी काट्याला तीन तारा पुरतात. दोन नंबरवर कॉम्प्युटर ऐकतो, तीन नंबरवर बोलतो, पाच नंबर म्हणजे ग्राउंड. बाकीच्या पिना मोडेमच्या काळातल्या: समोरचा तयार आहे का, फोनची घंटी वाजतेय का, लाइन लागली का, हे सांगायच्या. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. त्यानंतरची कितीतरी वर्षं मोडेम याच पोर्टला लागायचा. चौकोनी माउसही इथंच लागायचा. त्याला वेगळी वीज नसायची, याच पिनांवरची थोडीशी वीज तो वापरायचा.

ऊस, कांदा, सूत, भंगार, जिथं वजनावर पैसे ठरतात तिथं ही तीन तारांची वायर का टिकली, ते सांगतो. काट्यावरचा आकडा माणसानं बघून वहीत किंवा कॉम्प्युटरवर लिहिला की भांडणाला जागा राहते. ३४६ चे ३६४ होतात, कधी चुकून, कधी मुद्दाम. वायरीनं आकडा थेट पावतीवर आला की मधे कुणाचा हात नाही. ट्रॉली काट्यावर उभी आहे, बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेवर आकडा दिसतोय आणि तोच आकडा पावतीवर छापून येतोय, हे शेतकऱ्याला उभ्या उभ्या पडताळता येतं. माझ्या मते या पोर्टानं केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. तुमच्या सुताच्या पोत्यांनाही तेच लागू आहे.

आता कन्व्हर्टरबद्दल. यूएसबी-टू-सिरियल वायर घेताना आतली चिप कुठली ते विचारा. एफटीडीआय, प्रोलिफिक आणि सीएच३४० ही नावं नेहमी ऐकू येतील. बाजारात नकली चिपाही पुष्कळ आहेत. जुन्या विंडोजवर चाललेली नकली चिप नव्या विंडोजवर ड्रायव्हर नाकारतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह येतं आणि दोन दिवस त्यात जातात. थोडे पैसे जास्त गेले तरी खात्रीची वायर घ्या.

वायर लावल्यावर विंडोज तिला कॉम७, कॉम१२ असा कुठलाही नंबर देऊ शकतं. काट्याची जुनी सॉफ्टवेअर बऱ्याचदा कॉम१ ते कॉम४ एवढीच ओळखतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदलता येतो. नंतर ती वायर नेहमी त्याच यूएसबी खाचेत लावा. खाच बदलली तर नंबरही बदलू शकतो.

काटा जोडायच्या आधी वायर एकटी तपासा. दोन आणि तीन नंबरच्या पिना यू-पिननं जोडा, पुटी नावाचा मोफत प्रोग्राम उघडा, तो कॉम नंबर द्या, फ्लो कंट्रोल बंद करा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर परत आलं तर कन्व्हर्टर, ड्रायव्हर आणि नंबर तिन्ही बरोबर आहेत. यू-पिन काढल्यावर अक्षर यायचं थांबलं पाहिजे.

मग काट्याच्या बाजूला मीटर लावा. डीसी व्होल्टवर ठेवून काळी तार पाच नंबरला धरा, लाल आधी दोनला आणि मग तीनला. आरएस-२३२ मध्ये गप्प बसलेली लाइन उणे व्होल्टेजवर असते, उणे तीन ते उणे पंधराच्या मधे. ज्या पिनेवर उणे व्होल्टेज दिसेल त्या पिनेवरून काटा बोलतो. ती दोन असेल तर सरळ वायर चालते. तीन असेल तर दोन-तीन उलटसुलट जोडलेली क्रॉस वायर लागते. काटा सारखं वजन पाठवत असेल तर मीटरचा आकडा हलत राहील, तरी उणे बाजूलाच झुकलेला दिसेल. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न करता लोक तीन-तीन वायरी विकत घेतात.

यानंतर वेग आणि पॅरिटी. पॅरिटी म्हणजे चूक पकडायला अक्षरामागे जोडलेला एक जास्तीचा बिट, जो एकांची एकूण संख्या सम किंवा विषम ठेवतो. काट्याच्या मेनूत किंवा पुस्तिकेत ती सापडते. पुस्तिका हरवली असेल, आणि ती हरवलेलीच असते, तर पुटीच्या पडद्यावर काय उमटतंय त्यावरून ओळखा. काहीच येत नसेल तर वायर चुकली. सगळाच कचरा येत असेल तर वेग चुकला, तेव्हा ९६००, ४८००, २४००, १२०० असं उतरत जा. आणि ०, ३, ५, ६, ९ हे आकडे बरोबर येतायत पण १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हं दिसतायत, असं झालं तर वेग बरोबर आहे, पॅरिटी चुकली आहे. काटा सात बिट आणि सम पॅरिटीनं पाठवतोय आणि तुम्ही आठ बिट, पॅरिटी नाही असं ठेवलंय. आकड्यांच्या संकेतात ज्यांच्या एकांची संख्या आधीच सम आहे त्यांचा पॅरिटी बिट शून्य असतो, म्हणून ते नीट दिसतात. बाकीच्यांत तो बिट आठवा होऊन घुसतो आणि अक्षर बिघडतं. ही खूण मला मोहोळकडच्या एका काट्यावर सापडली. त्या रात्री ८० किलोच्या जागी काहीतरी चिन्ह आणि पुढे शून्य दिसत होतं. शून्य मात्र दर वेळी बरोबर, म्हणून कागदावर आकड्यांचे बिट मांडून बघितले. तेव्हापासून ही खूण फसलेली नाही.

अंतराचंही बघा. आरएस-२३२ ला साधारण पंधरा मीटरपर्यंत वायर चालते, असं धरायचं. तुमचा काटा गोदामात आणि ऑफिस वरच्या मजल्यावर असेल तर वायर किती लांब आहे ते मोजा. एका साखर कारखान्याच्या काट्यावर मला ऐन गाळपाच्या हंगामात बोलावलं होतं. सकाळी वजन नीट यायचं, दुपारी आकडे उड्या मारायचे. वायर चाळीस मीटरच्या वर होती आणि मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेलेली. शिवाय काट्याच्या केबिनचं अर्थिंग वेगळं आणि ऑफिसचं वेगळं. दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे ग्राउंडच्या तारेतूनच वीज वाहत होती. रांगेत बैलगाड्या उभ्या, गाडीवान सकाळपासून ताटकळलेले आणि आम्ही वायर उपसतोय. शेवटी दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे आयसोलेशनवाले, म्हणजे दोन बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारे, कन्व्हर्टर लावले आणि वायर वेगळ्या पाइपातून नेली. आरएस-४८५ मध्ये दोन तारांमधला फरक वाचला जातो, त्यामुळे ते बाराशे मीटरपर्यंत जाऊ शकतं. त्या हंगामात पुन्हा बोलावणं आलं नाही.

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात हे पोर्ट जळतात, तेही याच कारणानं. कुठेतरी जवळ वीज पडते, दोन अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि वाटेतली चिप जाते. काट्याच्या कार्डावर बहुधा मॅक्स२३२ नावाची सोळा पायांची चिप असते. ती पाच व्होल्टपासून अधिक आणि उणे व्होल्टेज तयार करते. ती सॉकेटवर बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंग न करता बदलता येईल. आणि आभाळ गडगडायला लागलं की काट्याची वायर काढून ठेवायची सवय कामगारांना लावा.

आता पंचवीस पिनांचा पोर्ट, म्हणजे पॅरलल, एलपीटी१. हा ताण्यासारखा, आठ धागे एकदम पुढे सरकणारे. दोन ते नऊ या पिनांवर अक्षराचे आठही बिट एकाच वेळी उभे राहतात, एक नंबरची पिन ‘घे’ म्हणते, अकरा नंबरवरून प्रिंटर ‘थांब, मी कामात आहे’ म्हणतो. सेंट्रॉनिक्स कंपनीनं १९७० च्या सुमारास आपल्या प्रिंटरसाठी ही पद्धत काढली. तुमच्या प्रिंटरच्या बाजूचा तारेच्या दोन क्लिपांचा, छत्तीस जागांचा रुंद कनेक्टर तिथलाच. कॉम्प्युटरच्या बाजूचा पंचवीस पिनांचा आयबीएमनं १९८१ च्या पीसीबरोबर आणला. जकार्डचे पुठ्ठे तुम्ही पाहिले असतील: भोक आहे किंवा नाही, आणि एका पुठ्ठ्यावरची सगळी भोकं एकदम वाचली जातात. १८०४ सालच्या त्या यंत्राचं आणि या पोर्टाचं तत्त्व एकच आहे. म्हणूनच पूर्व भागातल्या डिझाइन काढणाऱ्या पोरांना मी हा पोर्ट समजावला की तो पटकन कळायचा.

या पोर्टावर प्रिंटरशिवाय पुष्कळ गोष्टी चालल्या. दोन कॉम्प्युटर जोडून फाइली इकडून तिकडं नेणं, झिप ड्राइव्ह, स्कॅनर. इंजिनीअरिंगची मुलं त्यावर रिले आणि स्टेपर मोटर चालवायची, कारण प्रोग्राममधून ३७८ या पत्त्यावर एक आकडा लिहिला की आठ तारांवर तो लगेच उमटायचा. एका तारेला एक एलईडी लावून आज्ञा दिली की तो पेटतो, हे पाहून कॉम्प्युटर कळायला लागलेली पोरं मी पाहिली आहेत. आज त्यासाठी वेगळे बोर्ड मिळतात आणि ते जास्त सुरक्षित आहेत. हा पोर्ट सरळ मदरबोर्डच्या चिपला जोडलेला, त्यामुळे चालू कॉम्प्युटरला प्रिंटरची वायर लावून पोर्ट घालवणारेही कमी नव्हते. तुम्हीही ती वायर दोन्हीकडची वीज बंद करूनच काढा-घाला.

मराठी छापण्याबद्दल थोडं सांगायचा मोह आवरत नाही. डॉसच्या काळात प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नसायची. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की पडद्यावर आणि कागदावर मराठी यायची. त्यात एक सोय होती जी मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या आपल्या गावासाठीच केली असावी असं मला वाटायचं: एकाच कळपाटावर टाइप केलेलं नाव देवनागरीत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बघता यायचं. एका संस्थेत मी सभासदांची यादी अशी छापून दिली. एक म्हातारे अण्णा आपलं नाव तेलुगू अक्षरांत कागदावर उमटताना प्रिंटरजवळ उभं राहून बघत होते. ठिपक्या-ठिपक्यांनी छपाई व्हायची, एका पानाला बराच वेळ लागायचा, पण कुणाची तक्रार नव्हती.

तुमचा प्रिंटर मात्र तुम्ही ठेवावा असंच मी म्हणेन. तीन प्रतींचं गेट पासचं बुक एका फटक्यात छापायला आजही त्याच्यासारखा दुसरा नाही, कारण त्याची पिन कागदावर आपटते आणि खालच्या प्रतींवरही उमटते. यूएसबी-टू-पॅरलल वायर लावली की विंडोज त्याला यूएसबी प्रिंटर समजून छापेल. पण ही वायर एलपीटी१ तयार करत नाही. डॉसचा प्रोग्राम थेट एलपीटी१ वर पाठवत असेल तर प्रिंटर शेअर करून नेट यूज या आदेशानं एलपीटी१ तिकडं वळवावा लागतो. त्याहून मोठी अडचण अशी की ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम मुळात चालतच नाहीत, डॉसबॉक्ससारखं काहीतरी मधे लागतं. पुढेमागे नवा प्रिंटर घेतलाच तर एप्सन एलएक्स-३१० सारखा घ्या. त्याला यूएसबी, पॅरलल आणि सिरियल तिन्ही आहेत.

कुलपाचं दुखणं इथंच आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर सुरू होताना त्या पोर्टाच्या पत्त्यावर एक प्रश्न पाठवतं आणि कुलपातली चिप ठरलेलं उत्तर देते. यूएसबीच्या वायरीत तो पत्ताच नाही, म्हणून उत्तर येत नाही आणि सॉफ्टवेअर उघडत नाही. दुकानदार प्रामाणिकपणे म्हणत असेल ‘चालेल’, कारण त्यानं प्रिंटर चाललेला पाहिलाय. सॉफ्टवेअर देणारा अजून धंद्यात असेल तर जुनं कुलूप परत देऊन यूएसबीचं कुलूप मागा, बरेच जण पैसे घेऊन बदलून देतात. ते कुलूप हरवलं किंवा जळलं तर तुमची वीस वर्षांची डिझाइनं उघडणार नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

बाकीचे पोर्ट थोडक्यात. जांभळा गोल कीबोर्डचा, हिरवा गोल माउसचा. आयबीएमच्या १९८७ च्या पीएस/२ वरून त्यांना ते नाव पडलं. चालू मशीनवर ते काढू-घालू नका. निळा पंधरा पिनांचा व्हीजीए, तोही त्याच वर्षीचा. जुन्या प्रोजेक्टरला अजून लागतो. सोनेरी रंगाचा दुसरा पंधरा पिनांचा दिसला तर तो जॉयस्टिकचा, त्याची काळजी नको.

तुमच्या जागी मी असतो तर लॅपटॉप ऑफिसच्या कामाला घेतला असता आणि काटा, प्रिंटर, कुलूप यांच्यासाठी एक साधा डेस्कटॉप. नव्या डेस्कटॉपच्या बऱ्याच मदरबोर्डवर मागे पोर्ट दिसला नाही तरी बोर्डावर कॉमच्या पिना असतात, काहींवर एलपीटीच्याही. पट्टीसह येणारी वायर लावली की खरा सिरियल पोर्ट मिळतो, कन्व्हर्टर नको. त्या पट्टीच्या वायरी दोन वेगवेगळ्या जोडणीच्या येतात, तेव्हा यू-पिनची चाचणी इथंही करा. मदरबोर्डच्या एलपीटीवर कुलूप चालण्याची शक्यता चांगली, वेगळ्या कार्डावर थोडी कमी. पण कुलुपाचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बसतं का, ते आधी विचारून घ्या.

तोवर जुन्या मशीनची निगा राखा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ नंतर आधार देणं थांबवलंय, म्हणून त्याची इंटरनेटची वायर काढा. हार्डडिस्कची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून घ्या, नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही. मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२, बदला. ती संपली की बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, मूळ सेटिंगवर जातो, एलपीटीचा प्रकार बदलतो किंवा पोर्ट बंद होतो आणि सगळ्यांना वाटतं कुलूप गेलं. ती बदलण्याआधी बायोसमधल्या पोर्टच्या पानाचा मोबाइलनं फोटो काढून ठेवा. डबा उघडलाच आहे तर आतला कापसाचा तूस ब्लोअरनं उडवा. टॉवेलच्या कारखान्यात पंखे त्यानंच अडतात, आणि आपल्या उन्हाळ्यात पंखा थांबला की दुपारी मशीन बंद पडतं. कंडेन्सरांची डोकी फुगलेली दिसली तर ते बदलून घ्या, त्या काळच्या बोर्डांत हे फार होतं.

आणि काही काढायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो घ्या, प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहा, काट्याचं मॉडेल आणि कुलुपावरचा नंबर वहीत उतरवा. मला पुढचा प्रश्न विचाराल तेव्हा हे तिन्ही कळवा. काट्याची वायर सरळ की क्रॉस, हे मीटरनं बघून ठेवलंत तर आणखी बरं.